गुरुवारची गोळी

"ताई, जरा यायला जमंल का? आत्याबाईचं जरा जास्त हाय," असा चंद्रकला वहिनींचा फोन सकाळी शाळेला निघताना आला आणि मी दारातच थांबले. आमच्याकडे माणूस गेल्याची बातमी अशीच येते... 'जरा जास्त हाय' म्हणून. ऐकणाऱ्यानं पोहोचेपर्यंत तरी धीर धरावा, एवढाच त्यामागचा हेतू. मला ते ठाऊक होतं, तरी मी विचारलं काय, तर "डॉक्टर आले होते का? काय दिलं त्यांनी? कधी दिलं?" पलीकडं शेळ्या ओरडत होत्या. मग वहिनी म्हणाल्या, "आता काय द्यायचं राहिलंय, ताई." अंबाजोगाईहून केजकडं जाणाऱ्या जीपमध्ये बसले तेव्हाही माझ्या डोक्यात रडू नव्हतं, हिशेब चालला होता. कुणी काय करायचं राहिलं, कुणी काय सांगायचं टाळलं. माझा स्वभावच तसा आहे. तीस वर्षं गणिताच्या वह्या तपासल्यात, आणि ज्याचं उत्तर पहिल्या झटक्यात बरोबर आलं त्याच्यावर मी आधी संशय घेते.

हा स्वभाव माझ्याकडं आला तो आत्याकडून. सोजराबाई माझी सख्खी आत्या, वडिलांची थोरली बहीण. आमचं घर शेळ्यामेंढ्या राखणारं. वडील शिकले, नोकरीला लागले, मी मास्तरीण झाले, पण आत्या केजजवळच्या त्या वस्तीवर शेवटपर्यंत शेळ्यांतच राहिली. मुलगा ऊसतोडीच्या मुकादमीत सहा-सहा महिने बाहेर, घरात आत्या आणि सून, म्हणजे चंद्रकला वहिनी. आत्याचं आसपासच्या गावांत नाव होतं ते मोडलेल्या पायासाठी. शेळीचा म्हणा, करडाचा म्हणा, पाय मोडला की लोक तिच्याकडं घेऊन यायचे. बांबूच्या कामट्या, जुन्या लुगड्याची चिंधी आणि तिची बोटं, एवढंच सामान. डोळे मिटून ती हाडावरून अंगठा फिरवायची, एका जागी थांबायची, हळूच ओढायची... आणि करडू एकदाच ओरडून गप्प व्हायचं. महिन्याभरात ते बांधावरून उड्या मारायला लागायचं. माणसाला मात्र तिनं कधी हात लावला नाही. कुणी फार गळ घातली तर म्हणायची, "जनावर दुखतंय तिथंच वरडतं. माणूस दुखतंय एकीकडं अन दाखवतंय दुसरीकडं. मला न्हाई जमायचं." दूध मोजणाऱ्याचं माप, एसटीची वेळ, मोबाईलवर सांगतात तो पाऊस, यातल्या कशावरच तिचा भरवसा नव्हता. पाहुण्यानं आणलेले पेढेसुद्धा वास घेऊन मगच तोंडात टाकायची. आमचं दोघींचं जमायचं ते याच गुणावर.

तीनेक वर्षांपूर्वी ती अंगणात पडली. उंचावरून नव्हे, कशाला अडखळून नव्हे. चालता चालता तोल गेला, हात टेकवला आणि मनगट गेलं. बाईंनी काय करावं? एका हातानं आणि दातांनी स्वतःच स्वतःला कामट्या बांधल्या आणि दोन दिवस शेळ्या राखल्या. हात सुजून भाकरीएवढा झाला तेव्हा वहिनींनी मला चोरून फोन केला. मी गेले, भांडले, तिला रिक्षात घालून केजला नेलं. दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, मला तर कालपर्यंत बाकावर बसलेला वाटला. त्यानं हाताचा एक्स-रे फोटो काढला, प्लास्टर घातलं आणि मग खुर्ची पुढं ओढून बसला. "आजी, मनगट जुळेल. पण उभ्या जागी पडून हाड मोडलं म्हणजे आतनं सगळीच हाडं ठिसूळ झाल्यात. चौकट उधई लागून आतनं पोखरली अन आपण एकच चिरलेली फळी ठोकून बसवली तर कसं चालंल? हाडांची एक तपासणी करू, रक्त बघू, गोळ्या सुरू करू. न्हाईतर पुढच्या बारीला खुबा जाईल." आत्याला तो उधईचा शब्द लागला. बाहेर येईपर्यंत तिच्या कपाळावरची आठी हलली नव्हती. "माझ्या हाडाला उधई म्हणतंय," ती पुटपुटली.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला लाज वाटते, पण ते गाळून हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. परतताना रिक्षात आत्यानं मला विचारलं, "खरंच लागतंय का गं सुमे ते समदं, का आपलं उगं?" मी शिकलेली, मी तालुक्याच्या बाहेर नोकरी करणारी, म्हणून तिनं मला विचारलं. आणि मी, काही माहिती नसताना, खिडकीबाहेर बघत बोलून गेले, "अगं, हात जुळला की झालं. हे लोक एकदा माणूस हाताशी लागलं की सोडत नसतात. आधी तपासणी, मग गोळ्या, मग परत तपासणी. गोळ्या खपवायच्या असतात त्यांना." आत्याचा चेहरा खुलला. "मला वाटलंच," म्हणाली. डॉक्टरांची चिठ्ठी मी पर्समध्ये घडी करून ठेवली. मला त्या वेळी फार हुशारी केल्यासारखं वाटत होतं.

मनगट जुळलं. थोडं वाकडं जुळलं, पण जुळलं, आणि आत्या पुन्हा शेळ्यांची धार काढायला लागली. मीही विसरले. मग एके दिवशी मधल्या सुट्टीत आमच्या शाळेतल्या एक बाई त्यांच्या आईबद्दल सांगत होत्या. आईचं आधी मनगट मोडलं होतं, सगळ्यांनी प्लास्टर काढलं की विषय संपवला, आणि दीड वर्षानं खुबा मोडला. माझ्या हातातला चहा गार झाला. पर्स तीच होती, चिठ्ठी तिच्यातच होती. तरी माझा संशय काही लगेच गेला नाही हं. मी आत्याचा जुना फोटो घेऊन अंबाजोगाईत दुसऱ्याच डॉक्टरांकडं गेले. पहिल्याची चिठ्ठी दाखवली नाही, मुद्दाम. बघू तरी हे काय म्हणतात. त्यांनी फोटो उजेडाकडं धरला. "पडल्या कुठून?" "अंगणात. चालताना." "मग हाडांची गोळी चालू असेल ना?" मी मानेनंच नाही म्हटलं. त्यांनी तेच सांगितलं, जवळजवळ त्याच शब्दांत, फक्त उधई नव्हती. वाटेत मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःवर संशय घेतला.

पुढच्या रविवारी मी वस्तीवर हजर. आत्याला म्हटलं, चल, तपासणी करायची, गोळ्या घ्यायच्या. ती शेळीच्या खुरातला काटा काढत होती. मान वर न करता म्हणाली, "कावून? परवापस्तोर तर ते लबाड होते." मी म्हटलं, माझं चुकलं, मी दुसऱ्या डॉक्टरांना विचारून आले. "दोघं मिळलेले असतेन." मी म्हटलं, ते एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. तिनं काटा काढला, निरखून बघितला, लांब फेकला आणि मग माझ्याकडं बघितलं. "सुमे, खरं सांग. तुला काय मिळतंय का त्यात?" माझ्या सख्ख्या आत्यानं मला हे विचारलं. मला हसूही आलं आणि लागलंही. तिचा मुद्दा साधा होता. तिनं शंभर पाय जोडले होते, आणि जोडलेलं हाड पुन्हा त्या जागी मोडताना तिनं बघितलं नव्हतं. तिथं गाठ धरते, तिथं ते आणखी घट्ट होतं. मी सांगून सांगून थकले की मोडलेल्या जागेची काळजी नाही, न मोडलेल्याची आहे. दोन महिने हे चाललं. आणि एका रविवारी ती अचानक म्हणाली, "बरं. आण तुझी गोळी." तपासणीलाही आली, रक्तही दिलं. एवढ्या सहज ती कधी कशालाच हो म्हणाली नव्हती. त्या दिवशी मला शंका आली नाही, आणि आयुष्यात हीच एक जागा होती जिथं ती यायला हवी होती.

गोळी आठवड्यातून एकदाच. पण तिचे नियम कडक होते. सकाळी उठल्यावर अनशापोटी घ्यायची, भांडंभर साध्या पाण्याबरोबर. चहा नाही, दूध नाही. आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही, नाहीतर गोळी घशाखाली जळजळ करते आणि अंगी पण लागत नाही. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा आत्यानं तीन वेळा विचारून घेतलं. "बसलं तर चालतंय, का हुबंच ऱ्हायचं?" ताठ असलं की झालं, ते म्हणाले. गुरुवारी तिचा उपास, म्हणून वार ठरला गुरुवार. दर गुरुवारी मी शाळेत जायच्या आधी फोन करायचे. "गोळी?" "गेली पोटात." "ताठ होतीस ना अर्धा तास?" "अर्धा तास कसा, वर पाच मिंटं." मी वस्तीवर गेले की रिकामी पाकिटं मागून घ्यायचे आणि एकेक घर मोजायचे. हिशेब चुकत नव्हता. तरी मन खात होतं. एकदा औषधाच्या दुकानात दुसऱ्याच कंपनीची गोळी दिली, 'तीच आहे, नाव वेगळं' म्हणाले, तर मी त्यांच्याशी वाद घातला. आणि सगळ्यात जास्त संशय होता तो चंद्रकला वहिनींवर. सासूच्या कामाला कंटाळलेली बाई, गोळी काढून चुलीत टाकली तर कुणाला कळणार आहे... असले विचार करायला मला काही वाटायचं नाही. खरं तर त्या बिचाऱ्या स्वतः साठीला आलेल्या. वर्षभरापूर्वी हौदाजवळ पडून त्यांचाही हात मोडला होता आणि प्लास्टर निघालं तसा त्यांनीही विषय सोडून दिला होता. ते माझ्या लक्षातही नव्हतं.

एका गुरुवारी शाळेला सुट्टी होती म्हणून मी भल्या सकाळी न सांगता वस्तीवर गेले. धाडच घातली म्हणा. सगळ्या शेळ्या सुटलेल्या, फक्त एक म्हातारी शेळी खुंटाला आखूड दाव्यानं बांधलेली. बांडी तिचं नाव, पांढऱ्यावर काळे पट्टे. करडू असताना पुढचा पाय मोडला होता, आत्यानंच बांधलेला. समोर चारा नाही, काही नाही, आणि ती ओरडून ओरडून अंगण डोक्यावर घेत होती. आत्या तिच्यासमोर पोत्यावर ताठ बसलेली. मी विचारलं, "हिला का उपाशी ठेवलंय?" "लई खाया लागलीय. सकाळचं उपाशी बरं आसतंय तिला." मी वहिनींकडं बघितलं. माझ्या मनात आलं, वैरण टाकायचाही कंटाळा. आत्या म्हणाली, गोळी झाली, पाणी झालं, आता अर्धा तास मला बोलायला लावू नको. मी तिथंच बसले. बरोबर अर्ध्या तासानं ती उठली, कनवटीला खोचलेला गुळाचा खडा काढून बांडीच्या तोंडात दिला आणि तिचं दावं सोडलं. मला ते फार छान वाटलं. म्हातारं माणूस म्हाताऱ्या जनावराशी कसं वागतं बघा, असं मी स्टाफरूममध्ये सांगितलंसुद्धा.

गोळी सुरू होऊन वर्ष भरायला दोन महिने होते तेव्हा आत्याचा खुबा मोडला. गोठ्यापाशी, दुपारी, शेळीला हाकलायला नुसती वळली आणि खाली बसली. उठता येईना. अंबाजोगाईला आणलं, ऑपरेशन ठरलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी वहिनींना गाठलं आणि चारचौघांत बोलले. गोळी चालू असताना असं झालंच कसं, तुम्ही दिलीच नाही, पाकिटं फोडून फेकून दिलीत, खरं सांगा. त्या पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. एवढंच म्हणाल्या, "मी चहा देते, भाकर देते. गोळीला आत्याबाई हात लावू देत न्हाईत, ताई." मी विश्वास ठेवला नाही. तिथून जाणाऱ्या डॉक्टरांनीच मला बाजूला घेतलं. गोळी घेऊनही हाड मोडू शकतं, धोका कमी होतो, शून्य होत नाही, त्यांनी समजावलं. मग त्यांची नजर वहिनींच्या वाकड्या मनगटावर गेली. "यांचा हात कधी मोडला? यांचंही तपासून घ्या." ते निघून गेले. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी आत्यानं मला खाटेजवळ बोलावलं. वहिनी धुणं घेऊन खाली गेल्या होत्या. "चंद्रकलाला काय बोलू नगं. तिचं काय न्हाई त्याच्यात." मी म्हटलं, मग कुणाचं आहे? आत्यानं छताकडं बघितलं. "गोळी मी न्हाई खाल्ली. बांडीला दिली." मला आधी समजलंच नाही. मग ती सगळं बोलली. शेळ्यांना एखादा पाला नवा असला की ती आधी एकीला घालायची, दोन दिवस बघायची, मग बाकीच्यांना. जन्मभर तसंच केलेलं. मग ही परक्याची गोळी आपल्या पोटात एकदम कशी टाकायची? बांडी म्हातारी, बांडीचा पाय एकदा मोडलेला, म्हणजे अगदी आपल्यासारखीच. म्हणून गोळी बांडीला. अनशापोटी, पाण्याबरोबर, आणि अर्धा तास ताठ, म्हणून ते आखूड दावं. "वरीसभर बघणार व्हते. तिला काय न झालं तर मंग मी सुरू करणार व्हते. दोनच महिने राहिलते." मी विचारलं, आत्या, कावून असं केलंस? मला का नाही सांगितलंस? माझ्याकडं तिनं जे बघितलं त्यात राग नव्हता, तेच मला सोसलं नाही. "तूच म्हणलतीस की रिक्षात. गोळ्या खपवत्यात म्हणून. मागनं तू फिरलीस, पर मला पैलंच खरं वाटलं. तू तवा मनानं बोललतीस, मागनं कुणीतरी शिकवून पाठवल्यागत बोलायलीस."

मी तिथं रडले. खूप रडले. आत्या माझ्या पाठीवरून तोच अंगठा फिरवत होती, शेळीच्या हाडावरून फिरवायची तसा. मग म्हणाली, "आता दे म्हणावं त्यांना काय द्यायचं ते." तिला वर्षातून एकदा सलाईनमधून द्यायचं औषध मिळालं, कॅल्शियमच्या गोळ्या मिळाल्या, वॉकर मिळाला. सलाईन चालू असताना तिनं नर्सला विचारलं, हे शेळीला देता येतं का. घरी गेल्यावर ती अंगणात पाच-दहा पावलं चालायची, मग बांडीसमोर बसून राहायची. पण चालणं कमी झालं, थंडी पडली, छातीत कफ धरला, आणि पाचव्या महिन्यात ती गेली. नंतर मी डॉक्टरांना विचारलं, गोळी वेळेत पोटात गेली असती तर? ते म्हणाले, खात्रीनं नाही सांगता येणार, कदाचित खुबा वाचला असता, कदाचित नसताही. मला त्यांनी धीर द्यायला असं सांगितलं, की खरंच तसं असतं... मी अजून ठरवू शकले नाही.

मागच्या आठवड्यात, ती गेल्याला दीड महिना होत आला तेव्हा, मी वस्तीवर गेले. गुरुवार होता, ठरवून नव्हे. बांडी खुंटाला आखूड बांधलेली, समोर चारा नाही. वहिनी म्हणाल्या, "सवय लागलीय तिला. न्हाई बांधलं तरी हितंच येऊन हुबी ऱ्हाती." आत्या बसायची ते पोतं तसंच अंथरलेलं होतं. मी त्याच्यावर बसले नाही, शेजारी जमिनीवर बसले. म्हटलं, वहिनी, दवाखान्यात मी तुम्हाला बोलले ते चुकलं. फार चुकलं. त्यांनी हातानंच, जाऊ द्या, असं केलं, त्याच वाकड्या हातानं. मग त्या मनगटाकडं बघत राहिल्या. "ते डागदर मलाबी तपासा म्हणलते. खरंच लागतंय का हो ताई, का आपलं उगं?"

रिक्षातला प्रश्न. शब्दसुद्धा तेच.

"लागतं," मी म्हटलं. "मी येते बरोबर."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. आत्या बघायची तसं, अगदी तसंच. "तवा तर तुमीच न्हाई म्हणलत्या आत्याबाईला."

"हो," मी म्हटलं. "मीच म्हटलं होतं."

उन्हाकडं बघून वहिनींनी अर्ध्या तासाचा अंदाज घेतला, उठून बांडीचं दावं सोडलं. बांडी गेली नाही. तिथंच मान वर करून उभी राहिली. मी आत जाऊन डब्यातून गुळाचा खडा आणला आणि हात पुढं केला. तिनं आधी वास घेतला. बराच वेळ घेतला.